देशोदेशींची क्रीडांगणे : १९७७ चा तो उन्हाळा

फुटबॉल हा शब्द कानी पडला की जगातील बहुतेक देशांतील मुलांच्या डोळ्यांपुढे एकच खेळ उभा राहतो. अमेरिकेची गोष्ट मात्र निराळी. तेथे फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण चढवून व अंडाकृती चेंडू बगलेत घेऊन धावण्याचा त्यांचा स्वतःचा खेळ. आपल्या ओळखीच्या फुटबॉलला तेथे ‘सॉकर’ म्हणतात. हे नावही अमेरिकनांनी काढलेले नव्हे. ‘असोसिएशन फुटबॉल’ या लांबलचक नावातील पहिल्या शब्दाची मोडतोड करून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील विद्यार्थ्यांनीच ते रूढ केले. बेसबॉल, बास्केटबॉल आणि शिरस्त्राणधारी फुटबॉल या घरच्या खेळांच्या पंगतीत सॉकरचे पान कित्येक वर्षे कोणी मांडले नाही. १९७७ च्या उन्हाळ्यात ते मांडले गेले, आणि तेही राजेशाही थाटाने. त्या हंगामाची हकीकत या वेळी वाचकांपुढे ठेवावयाची आहे. ती विजयाची आहे खरी. पण विजयानंतर मागे काय उरते, या प्रश्नाचीही ती हकीकत आहे.

अमेरिकेत १९६७ साली सॉकरच्या दोन प्रतिस्पर्धी व्यावसायिक संघटना एकाच वेळी उभ्या राहिल्या होत्या. दोघींनाही तोटा सोसवेना, तेव्हा १९६८ साली त्या एकत्र आल्या आणि ‘नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग’ ही साखळी अस्तित्वात आली. पहिल्या वर्षी तीत सतरा संघ होते. दुसऱ्या वर्षी उरले अवघे पाच! वेल्समधून आलेले माजी खेळाडू फिल वूस्नम यांनी मोठ्या चिकाटीने हा मोडका संसार सावरला. १९७१ साली या साखळीत न्यूयॉर्कचा ‘कॉसमॉस’ संघ खेळू लागला. न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघाने ‘मेट्रोपॉलिटन्स’चे ‘मेट्स’ केले होते. त्याच चालीवर ‘कॉस्मोपॉलिटन्स’चे ‘कॉसमॉस’ झाले. संघाच्या पाठीशी चित्रपट व ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायातील ‘वॉर्नर कम्युनिकेशन्स’ ही धनाढ्य कंपनी होती. तिचे प्रमुख स्टीव्ह रॉस आणि तिच्याच परिवारातील, तुर्कस्तानात जन्मलेले अहमत व नेसुही हे एर्तेगुन बंधू यांनी या संघाचा हौसेने सांभाळ केला.

पैसा होता, संघ होता. प्रेक्षक मात्र नव्हते. ते आणावयाचे तर एकच नाव पुरेसे होते. ब्राझीलच्या पेलेने १९५८, १९६२ आणि १९७० असे तीन विश्वचषक पाहिले होते व जिंकले होते. १९७४ साली त्याने आपल्या सान्तोस संघाचा निरोप घेतला होता. कॉसमॉसचे व्यवस्थापक क्लाइव्ह टॉय अनेक वर्षे त्याच्या मागे लागलेले होते. युरोपात गेलास तर एखादे अजिंक्यपद मिळवशील, अमेरिकेत आलास तर एक देश जिंकशील, अशा आशयाचा युक्तिवाद त्यांनी पेलेपुढे केला. अखेर जून १९७५ मध्ये करार झाला, आणि १५ जून रोजी रँडल्स बेटावरील डाउनिंग मैदानावर पेले डॅलसच्या संघाविरुद्ध उतरला. मैदानाची अवस्था शोचनीय होती. गवत उडून गेलेल्या जागा दूरचित्रवाणीवर बऱ्या दिसाव्यात म्हणून त्यांवर हिरवा रंग फासण्यात आला होता. सामन्यानंतर पायांवरचे हिरवे डाग पाहून आपणास कसला तरी त्वचारोग जडला की काय, अशी शंका पेलेला आली, ही आठवण पुढे अनेकांनी सांगितली आहे. जगातील सर्वांत नामवंत खेळाडू आणि त्याच्या पायांखाली रंगवलेली माती, हे दृश्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढच्या कथेत त्याचा अर्थ उलगडेल.

१९७७ चा हंगाम सुरू झाला तेव्हा साखळीत अठरा संघ होते. कॉसमॉस आता न्यू जर्सीतील ईस्ट रुदरफर्ड येथील नव्या ‘जायंट्स स्टेडियम’मध्ये खेळू लागला होता. पाऊण लाख माणसे सामावणाऱ्या या क्रीडागारात नैसर्गिक हिरवळ नव्हती, कृत्रिम गालिचा होता. खेळाचे नियमही अमेरिकन प्रेक्षकांच्या आवडीनुसार थोडे वळविण्यात आले होते. बरोबरी हा प्रकार त्या प्रेक्षकांना मुळीच रुचत नसे. सामना अनिर्णित राहिला की त्यांना जेवण अर्धवट टाकून उठल्यासारखे वाटे. म्हणून त्या वर्षी एक नवी युक्ती निघाली. जादा वेळेनंतरही गोल समान राहिले, तर खेळाडूने गोलापासून पस्तीस यार्डांवरून चेंडू घेऊन निघावयाचे आणि पाच सेकंदांत गोल करावयाचा. गोलरक्षकानेही जागा सोडून पुढे धावावयास हरकत नव्हती. विजयाला सहा गुण आणि शिवाय पहिल्या तीन गोलांपर्यंत प्रत्येक गोलामागे एक जादा गुण, असा हिशेब होता. युरोपातील जाणत्यांनी या प्रकाराला नाके मुरडली. पण मैदानावर नव्याने येणाऱ्या कुटुंबांना त्यात गंमत वाटे, हेही तितकेच खरे.

त्या वर्षीचा कॉसमॉस म्हणजे जगाचा एक छोटा नकाशाच होता. आघाडीवर इटलीच्या लात्सिओ संघातून आदल्या वर्षी आलेला जॉर्जो किनालिया. त्या हंगामात म्युनिकहून फ्रान्झ बेकेनबाउअर आला. १९७४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या पश्चिम जर्मनीचा तो कर्णधार. जुलै महिन्यात कार्लोस आल्बेर्तो आला. १९७० चा विश्वचषक उंचावणारा ब्राझीलचा कर्णधार तो हाच. गोलात अमेरिकन शेप मेसिंग, आणि डाव्या बगलेवर इंग्लंडच्या ॲस्टन व्हिलामधून आलेला एकवीस वर्षांचा स्टीव्ह हंट. एवढी नावे एकत्र आली म्हणजे संघ आपोआप जुळतो, असे मात्र नाही. निरनिराळ्या भाषा, निरनिराळ्या सवयी, प्रत्येकाचा मोठेपणा निराळा. हंगामाच्या मध्यावरच शिक्षक बदलावे लागले. गॉर्डन ब्रॅडली यांच्या जागी एडी फिरमानी आले. सव्वीस सामन्यांपैकी पंधरा जिंकून व अकरा गमावून कॉसमॉस आपल्या गटात दुसरा राहिला. फोर्ट लॉडरडेलचा संघ एकोणीस विजय मिळवून त्याच्या पुढे होता. केवळ तक्ता पाहणाऱ्याने या संघाच्या अजिंक्यपदावर पैज लावली नसती.

परंतु लोक तक्ता पाहून येत नव्हते. १९ जून १९७७ हा रविवार होता. अमेरिकेत तो दिवस ‘पितृदिन’ म्हणून पाळतात. त्या दिवशी टँपा बे संघाविरुद्धच्या सामन्याला ६२,३९४ प्रेक्षक लोटले. छत्तीस वर्षांच्या पेलेने तीन गोल केले आणि कॉसमॉसने ३-० असा विजय मिळविला. बापाचे बोट धरून आलेली मुले, मुलांचे ऐकून आलेले बाप, आणि या दोघांना सांभाळून नेणाऱ्या माता, असा तो प्रेक्षकवर्ग होता. शिरस्त्राणधारी फुटबॉलच्या तुलनेने येथील तिकिटे परवडणारी होती. ज्यांचे आईवडील इटली, पोर्तुगाल, पोलंड वा दक्षिण अमेरिकेतून आले होते, त्यांना तर घरी आजोबांकडून ऐकलेला खेळ आता शहराच्या मोठ्या क्रीडागारात दिसू लागला.

बाद फेऱ्यांत या गर्दीला उधाण आले. १४ ऑगस्ट रोजी फोर्ट लॉडरडेलविरुद्धचा सामना पाहण्यास ७७,६९१ लोक हजर होते. अमेरिकेत तोवर सॉकरच्या कोणत्याही सामन्याला एवढा समुदाय जमला नव्हता. फोर्ट लॉडरडेलचा गोलरक्षक होता इंग्लंडचा गॉर्डन बँक्स. १९७० च्या विश्वचषकात पेलेने डोक्याने मारलेला चेंडू अशक्यप्राय झेप घेऊन अडविणारा तो हाच. १९७२ च्या मोटार अपघातात त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती. तरीही त्या हंगामात तो साखळीतील सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. असा रक्षक बाळगणाऱ्या संघाचा कॉसमॉसने त्या दिवशी ८-३ असा फडशा पाडला. त्यानंतर रॉचेस्टरलाही दोन्ही सामन्यांत हरवून कॉसमॉस अंतिम सामन्यास पात्र ठरला.

अंतिम सामना २८ ऑगस्ट १९७७ रोजी ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे झाला. प्रतिस्पर्धी सिॲटलचा ‘साउंडर्स’ संघ. सिॲटल पोर्टलंडच्या शेजारचे. त्यामुळे ३५,५४८ प्रेक्षकांत साउंडर्सच्या चाहत्यांचा भरणा मोठा होता. एकोणिसाव्या मिनिटास एक विलक्षण प्रसंग घडला. सिॲटलचा गोलरक्षक टोनी चर्स्की याने चेंडू अडविला आणि लाथेने दूर मारण्यापूर्वी तो सहज पुढ्यात जमिनीवर सोडला. पाठीमागे स्टीव्ह हंट रेंगाळत आहे, याची त्याला दादही नव्हती. हंटने चित्त्यासारखी झडप घालून चेंडू पळविला आणि गोलात ढकलला. चारच मिनिटांत टॉमी ऑर्डने बरोबरी साधली. त्यानंतर जवळजवळ एक तास दोन्ही बाजू झुंजत राहिल्या. शेवटी पाऊण तासाच्या दुसऱ्या डावातील अखेरच्या पंधरा मिनिटांत हंटने डावीकडून चेंडू उंच टाकला आणि किनालियाने तो डोक्याने गोलात मारला. २-१! पेलेच्या पायांतून त्या दिवशी गोल निघाला नाही, पण अधिकृत स्पर्धेतील त्याच्या अखेरच्या सामन्यात अजिंक्यपद त्याच्या पदरात पडले.

या सामन्यानंतरची एक गोष्ट विजयचषकाहून आम्हांस अधिक मोलाची वाटते. पेलेने आपला सदरा उतरवून सिॲटलच्या जिमी मॅकॲलिस्टर या विशीतल्या बचावपटूच्या हाती दिला. मॅकॲलिस्टर सिॲटलच्याच शाळामैदानांवर घडलेला मुलगा. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू म्हणून त्याची निवड झाली होती. परदेशी पाहुण्यांनी गजबजलेल्या त्या साखळीत असे घरचे मुलगे थोडेच होते. देश जिंकावयास आलेल्या माणसाने जाताना आपला सदरा अशा मुलाला दिला. मॅकॲलिस्टरने पुढे आपल्याच शहरात मुलांना हा खेळ शिकविला.

अजिंक्यपदानंतर कॉसमॉस पूर्वेच्या दौऱ्यावर निघाला आणि जपान व चीनप्रमाणे आपल्या देशातही आला. २४ सप्टेंबर १९७७ रोजी तेव्हाच्या कलकत्त्यात, ईडन गार्डन्सवर, मोहन बागान संघाशी त्याची गाठ पडली. पावसाने मैदान चिंब झाले होते. पी. के. बॅनर्जी यांच्या तालमीत तयार झालेल्या मोहन बागानने पाहुण्यांना नमते घेऊ दिले नाही, पण वरचढही होऊ दिले नाही. कार्लोस आल्बेर्तोने कॉसमॉसचा पहिला गोल केला. श्याम थापा व महंमद हबीब यांनी मोहन बागानला आघाडी मिळवून दिली, आणि किनालियाच्या पेनल्टीमुळे सामना २-२ असा बरोबरीत सुटला. त्याच हंगामात मोहन बागानने आय.एफ.ए. शील्ड, ड्युरँड चषक आणि मुंबईच्या कूपरेजवरील रोव्हर्स चषक अशी तिन्ही मानचिन्हे एकाच वर्षी मिळविण्याचा विक्रम केला. कलकत्त्यात पेलेला पाहण्यासाठी उसळलेली गर्दी कोणी जाहिरातींनी जमविलेली नव्हती. तेथे फुटबॉल पिढ्यान्पिढ्यांच्या गल्लीबोळांत वाढला होता. जायंट्स स्टेडियममध्ये तो नुकताच येऊन बसला होता.

१ ऑक्टोबर १९७७ रोजी पेलेचा निरोपाचा सामना झाला. पाऊण लाखांवर प्रेक्षक, त्यांत मुष्टियोद्धा महंमद अली. समोर पेलेचा जुना संघ सान्तोस. पूर्वार्धात पेले कॉसमॉसकडून खेळला आणि दुरून मारलेल्या फ्री किकवर त्याने गोल केला. उत्तरार्धात त्याने सान्तोसचा पांढरा सदरा चढविला. कॉसमॉसने सामना २-१ असा जिंकला. भर पावसात खेळाडूंनी त्याला खांद्यावर घेतले. सामन्यापूर्वी त्याने समुदायाला ‘प्रेम’ हा शब्द आपल्याबरोबर तीनदा उच्चारण्यास सांगितले होते, आणि पाऊण लाख कंठांनी तो उच्चारला होता.

येथे पडदा पडला असता तर कथा गोड झाली असती. पण त्या गौरवशाली हंगामाच्या पोटातच उताराची चिन्हे होती. हवाई बेटांवरील संघ त्या एकाच वर्षी तेथे नांदला आणि ओक्लाहोमातील टल्सा शहरी हलला. लास व्हेगासचा संघही एका हंगामातच उठला. पोर्तुगालचा थोर खेळाडू युसेबियो त्यात होता, तरी तो टिकला नाही. सर्वांत बोलके उदाहरण सेंट लुईसचे. या शहरात सॉकर जुना. १९५० च्या विश्वचषकात बलाढ्य इंग्लंडला १-० असे हरविणाऱ्या अमेरिकन संघातील अकरांपैकी पाच जण या एका शहराचे होते. तेथील ‘स्टार्स’ संघ सुरुवातीच्या वर्षांत स्थानिक मुलांना खेळविण्यासाठी ओळखला जाई. १९७७ चा हंगाम संपला आणि तोही आपले गाव सोडून कॅलिफोर्नियात गेला. ज्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये सत्त्याहत्तर हजारांचा समुदाय जमला, त्याच वर्षी या खेळाचे एक जुने माहेरघर रिकामे झाले.

चालकांना मात्र गर्दीचेच आकडे दिसत होते. १९७८ साली संघ अठरांचे चोवीस करण्यात आले. प्रत्येकाला आपला पेले हवा होता; पण पेले एकच होता. कॉसमॉसने १९७८, १९८० व १९८२ साली पुन्हा अजिंक्यपद मिळविले. इतर शहरांतील मालकांनी त्याच्याशी बरोबरी करावयास उतरत्या वयाच्या परदेशी खेळाडूंवर खर्च केला, आणि उत्पन्न मागे राहिले. दूरचित्रवाणीचा मोठा करार १९७९ साली झाला, पण पुरेसे प्रेक्षक लाभेनात म्हणून १९८० नंतर तो संपुष्टात आला. पुढे वॉर्नर कंपनीलाच दुसऱ्या व्यवसायात प्रचंड तोटा आला व तिने संघाकडे पाठ फिरविली. १९८४ साली नऊ संघ उरले, आणि १९८५ च्या आरंभी साखळीचा कारभार थांबला. रंगवलेली माती किती दिवस हिरवी राहणार!

मग तो उन्हाळा फुकट गेला काय? असा निष्कर्ष काढणेही उतावीळपणाचे होईल. मोठ्या क्रीडागारांतले दिवे मालवत असताना गावोगावच्या लहान मैदानांवर मुलांची गर्दी वाढतच होती. कॅलिफोर्नियात १९६४ साली स्थापन झालेल्या मुलांच्या सॉकर संघटनेचा मूळ दंडक असा की, आलेला प्रत्येक मुलगा किमान अर्धा सामना खेळलाच पाहिजे. चांगला असो वा कच्चा. हा खेळ पालकांनाही पसंत पडला. शिरस्त्राण नको, खांद्यावरची ढाल नको. एक चेंडू आणि एक जोडी बूट पुरे. मूल उंच असो वा ठेंगणे, त्याला जागा मिळते. १९७२ च्या कायद्याने शाळा-महाविद्यालयांत मुलींना खेळाची समान संधी देणे बंधनकारक झाले, आणि मुलीही या मैदानांवर उतरल्या. १९९१ साली महिलांचा पहिला विश्वचषक अमेरिकेने जिंकला, तो या मुलींच्या पिढीने.

न्यू जर्सीतील कर्नी नावाच्या गावाचे उदाहरण तर फार बोधप्रद आहे. जायंट्स स्टेडियमपासून हे गाव काही मैलांवरच. येथे एकोणिसाव्या शतकात शिवणदोऱ्याच्या गिरण्यांत कामाला आलेल्या स्कॉटिश कामगारांनी फुटबॉल आणला आणि सुट्टीच्या दिवशी खेळत खेळत तो मुलानातवंडांच्या हवाली केला. जॉन हार्क्स, टोनी मिओला व टॅब रॅमोस हे तिघे याच परिसरात वाढले. १९९० साली अमेरिकेचा संघ चाळीस वर्षांनी विश्वचषकात उतरला, तेव्हा हे तिघेही त्यात होते. त्यांच्या लहानपणी कॉसमॉसचा झगमगाट शेजारीच होता. पण त्यांच्या पायांखालची जमीन गिरणीकामगारांच्या तीन-चार पिढ्यांनी तयार करून ठेवली होती. झगमगाटाने मुलाच्या डोळ्यांत स्वप्न घातले, आणि गावाने त्याला खेळावयास जागा व शिकवावयास माणूस दिला. या दोहोंपैकी एकच असते, तर ते तिघे घडले असते असे आम्हांस वाटत नाही.

१९९४ चा विश्वचषक अमेरिकेत भरला, तेव्हा सर्व सामने मिळून पस्तीस लाखांहून अधिक प्रेक्षक आले. १९९६ साली ‘मेजर लीग सॉकर’ ही नवी साखळी सुरू झाली. तिने सुरुवातीपासून खर्चावर मर्यादा घातली आणि पुढे संघांनी स्वतःची मध्यम आकाराची मैदाने व मुलांच्या प्रशिक्षणशाळा उभारल्या. जुन्या साखळीच्या पडझडीतून घेतलेला हा धडा उघड दिसतो. सिॲटलमध्ये ‘साउंडर्स’ हे नाव नव्या संघाने २००९ पासून पुन्हा धारण केले आहे. जायंट्स स्टेडियम २०१० साली पाडण्यात आले आणि शेजारीच नवे क्रीडागार उभे राहिले. २०२६ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना त्याच ईस्ट रुदरफर्डच्या वाट्याला देण्यात आला. तोवर त्या उन्हाळ्याचे नायक एकेक करून निघून गेले होते. किनालिया २०१२ साली, कार्लोस आल्बेर्तो २०१६ साली, पेले २०२२ च्या डिसेंबरात, बेकेनबाउअर २०२४ च्या जानेवारीत.

पेलेने अमेरिका जिंकली की नाही, हा वाद तेथील क्रीडालेखक अजून घालतात. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत, त्यांना त्या वादाहून एक साधी गोष्ट उपयोगी पडावी. एखाद्या मोठ्या खेळाडूचा सामना पाहून मूल घरी येते आणि त्या रात्री चेंडू उशाशी घेऊन झोपते. हा उत्साह दुर्मिळ असतो आणि विकत आणता येत नाही. पण तो आठवडाभरात विरतो, जर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मुलाला जवळपास मोकळी जागा, चार सवंगडी आणि मनापासून शिकविणारा एखादा वडीलधारा मिळाला नाही तर. १९७७ साली न्यूयॉर्कच्या मालकांनी पहिली गोष्ट केली, आणि तीत कसलीही कसर ठेवली नाही. दुसरी गोष्ट कर्नीच्या गिरणीकामगारांनी कितीतरी आधी, कोणताही गाजावाजा न करता, करून ठेवली होती.